पांढरी सीट, काळी माती
चाकणच्या कारखान्यातल्या महिंद्रा 'एक्सईव्ही ९ई' या गाडीच्या डॅशबोर्डवर १२.३ इंचांचे तीन स्क्रीन. टेस्लाच्या 'मॉडेल वाय'च्या डॅशबोर्डवर एकच; ग्लोव्ह बॉक्स उघडायचा तरी त्यालाच विनवायचं. गाड्यांच्या रसिकांतल्या एका पंथाला पहिलं टीव्हीचं दुकान वाटतं, दुसऱ्याला दुसरं दारिद्र्य.

यवतमाळात हा वाद मे महिन्यात मिटतो. पारा पंचेचाळिशीला टेकला की दोन्ही गाड्यांच्या काचेच्या छताची थोरवी कोणी गात नाही. पांढऱ्या सीटवर वावरातली काळी माती आणि वणीकडची कोळशाची धूळ बसली, की दोन्ही पंथांचे रसिक टॉवेल अंथरतात आणि निमूट सीटकव्हरवाल्याचं दुकान गाठतात.

स्क्रीनचं म्हणाल, तर २०२६पासून गाड्यांची सुरक्षा तपासणारी युरोपातली 'युरो एनकॅप' ही संस्था इंडिकेटर, हॉर्न, वायपरला खरी बटणं नसतील तर पूर्ण गुण देत नाही. आमची मागणी एवढीच: त्या यादीत एसी घाला.