जिंकतात, पण बघवत नाही

संघ हरला की चाहता दुःखी होतो, हे कुणालाही कळतं. पण संघ जिंकूनही कुरकुरत घरी जाणारा चाहता बघायचा असेल, तर टोनी बेनेट यांच्या काळातलं शार्लट्सव्हिल आठवावं. तिथल्या व्हर्जिनिया विद्यापीठाच्या पुरुष बास्केटबॉल संघाचे ते २००९ पासून पंधरा हंगाम प्रशिक्षक होते, आणि त्यांचा संघ पुष्कळ जिंकायचा. तक्रार होती ती जिंकण्याच्या तऱ्हेबद्दल.

ही तऱ्हा वडिलोपार्जित. वडील डिक बेनेट यांनी ‘पॅक लाइन’ नावाचा बचाव रचला. चेंडूवाल्याच्या अंगावर एकानं जायचं, बाकीच्यांनी बास्केटपासून सोळाएक फुटांवरच्या काल्पनिक रेषेच्या आत दाटी करायची. आत कुणाला शिरू द्यायचं नाही. आक्रमणही तितकंच सबुरीचं. चेंडू हाती आला की ३० सेकंदांत नेम धरावा लागतो. इतर संघ त्याच्या बरेच आधी मोकळे होत. व्हर्जिनियाचे खेळाडू शेवटच्या सेकंदांपर्यंत चेंडू एकमेकांकडे फिरवत राहत. मुंबईच्या खडूस क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला यात घरचा वास येईल. पण तिकीट काढून आलेला अमेरिकन चाहता ओरडायचा, ‘अरे, टाक आता!’

गंमत म्हणजे त्याच्या ओरडण्यात गणित होतं. खेळ संथ केला की दोन्ही संघांना संधी कमी मिळतात. दुबळ्या संघाचं दुबळेपण उघडं पडायला वेळच पुरत नाही. नशिबाला मात्र शिरकाव मिळतो. शिवाय एकदा मागे पडलं, की संथपणाची सवय असलेल्यांना एकदम धावता येत नाही. मार्च २०१८ मध्ये नेमकं हेच झालं. देशात अव्वल मानांकन घेऊन उतरलेला व्हर्जिनिया सोळाव्या मानांकनाच्या मेरीलँड बाल्टिमोर काउंटी विद्यापीठाशी मध्यंतराला २१-२१ असा अडला आणि ५४-७४ असा हरला. पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत पहिलं मानांकन सोळाव्याकडून हरण्याची ही पहिलीच वेळ. ‘मी सांगत होतो’ म्हणायला चाहत्याला याहून भक्कम पुरावा मिळणार नव्हता.

तो पुरावा वर्षभर टिकला. एप्रिल २०१९ मध्ये याच प्रशिक्षकांनी, याच बचावाच्या जोरावर, टेक्सास टेकला जादा वेळेत ८५-७७ नमवून व्हर्जिनियाला पहिलं राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं. रटाळपणाचा एका रात्रीत संयम झाला, हट्टाची निष्ठा झाली. पण मार्च २०२४ मध्ये कोलोराडो स्टेटविरुद्ध पूर्वार्धात जेमतेम १४ गुण झाले, सामना ४२-६७ असा गेला, आणि जुनी विशेषणं पेटीतून बाहेर निघाली. पंधरा वर्षांत बेनेट फारसे बदलले नाहीत. बदलत राहिला तो चाहत्याचा शब्दसंग्रह.

ऑक्टोबर २०२४ मध्ये, हंगाम तोंडावर असताना, बेनेट निवृत्त झाले. खेळाडूंचे पैसे आणि सततची पळवापळवी यांनी बदललेल्या कॉलेज-खेळासाठी आपण योग्य माणूस नाही, असं त्यांनी स्वतःच सांगितलं. चाहत्याला हवा होता तो बदल अखेर आला. हंगामी प्रशिक्षकावर एक वर्ष काढल्यानंतर विद्यापीठानं २०२५ मध्ये रायन ओडम यांना नेमलं. २०१८ मध्ये व्हर्जिनियाला धूळ चारणाऱ्या त्या सोळाव्या मानांकनाच्या संघाचे प्रशिक्षक हेच होते.