आधी फर्मा, मग स्टूल

डोंबिवलीतल्या वन बीएचकेत सुतारकामाला जागा दोनच. गॅलरी आणि बायकोची सहनशक्ती. गॅलरीत वॉशिंग मशीन असल्यामुळे मुख्य भार दुसऱ्या जागेवर पडतो. त्यात दुपारी अख्खी सोसायटी झोपते. म्हणून मी या छंदातला कमी आवाजाचा भाग निवडला : फर्मे करणं.

स्टुलाच्या पायाला आडवी पट्टी जोडायची, तर पायात खाच पाडायची, पट्टीच्या टोकाला कुसू काढायचं आणि ते खाचेत ठोकून बसवायचं. युक्ती जुनी आहे. जर्मनीत लाइपझिगजवळ सात हजार वर्षांपूर्वीच्या ओकच्या विहिरी सापडल्या, त्यांतही हाच सांधा आहे. त्या लोकांकडे दगडी हत्यारं होती, माझ्याकडे लाकूड कोरणारं विजेचं यंत्र, म्हणजे राउटर आहे. अर्थात, त्यांच्या विहिरी पूर्ण झाल्या होत्या.

राउटर मोकळा सोडला तर वाटेल तिकडे पळतो. त्याला वळण लावायला जिग, आणि जिगवर भोक पाडलेला फर्मा. विकतचे फर्मे मिळतात, पण आपल्याला हवं तेच माप त्यांत नसतं. मग स्वतःच करायचा.

इथून गणित सुरू होतं. लाकूड २५ मिलिमीटर जाड असेल तर खाच साधारण त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी रुंद, म्हणजे राउटरचं पातं, अर्थात बिट, ८ चं. खाचेची लांबी ४०. मग फर्म्यात ४० बाय ८ चं भोक पाडावं, असं कोणालाही वाटेल. पण बिटाभोवती १६ मिलिमीटरचा गाईड बुश, म्हणजे फर्म्याच्या कडेला टेकून सरकणारं कडं, असतो. नगरसेवक कितीही सडपातळ असले, तरी भोवतीच्या कार्यकर्त्यांसकट जायला गल्ली रुंदच लागते. बुशातून बिट वजा केलं की उरले ८. ते लांबी-रुंदीत मिळवायचे. भोक ४८ बाय १६.

हे मी सौभाग्यवतींना समजावलं. "म्हणजे लहान भोक पाडण्यासाठी आधी मोठं भोक पाडायचं?" त्या म्हणाल्या. विषयाचा इतका अचूक सारांश मी कुठेच वाचलेला नाही.

फर्म्याच्या फळीसाठी दुकानात गेलो. "काका, तीनशे तीन देऊ की सातशे दहा?" तीनशे तीन हा घरगुती प्लाय, सातशे दहा मरीन. शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतली आणि इथल्या खाडीकाठी आरमाराची जहाजं बांधायला घेतली, तेव्हापासून इथल्या दुकानदारांना प्रत्येक गिऱ्हाईक समुद्रावर निघाल्यासारखं वाटत असावं. मी एमडीएफ घेतला. प्लायच्या कडेला थरांमध्ये पोकळी निघाली तर बुश तिथे धसकतो, आणि फर्मा ती चूक इमानेइतबारे प्रत्येक खाचेत उतरवतो. एमडीएफची कड सलग असते. फक्त बुशाची खाली येणारी कड फर्म्याच्या जाडीपेक्षा कमी हवी, नाहीतर ती लाकडावरच टेकते.

समोरच्या फ्लॅटमध्ये काम करणारे मिस्त्री एकदा डोकावले. खिळ्यांवर ओळीनं टांगलेले फर्मे पाहून खूश झाले.

"झकास, काका! स्टूल कुठाय?"

"व्हायचंय अजून."

त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, पटाशी आणि हातोडी घेतली आणि चहा उकळेपर्यंत खाच पाडून दिली. तीही कोपऱ्यांसकट चौकोनी. राउटरची खाच दोन्ही टोकांना गोल राहते. मग एकतर ती पटाशीनं चौकोनी करायची, नाहीतर कुसू कानशीनं गोल करायचं. म्हणजे हातकाम काही चुकत नाही.

तरीही फर्म्याची बाजू मी सोडणार नाही. पहिल्या खाचेपुरता तो निव्वळ उशीर आहे, पण विसावी खाच पहिलीसारखीच पडते ती त्याच्यामुळे. अडचण आमच्या घराची आहे, तिथे दुसऱ्या स्टुलाला जागा नाही. तेव्हा एकच स्टूल हवं असेल तर सरळ उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात जा. सहा खुर्च्या करायच्या असतील तर फर्मा कराच. आणि केलात की बिटाचं आणि बुशाचं माप त्यावर लगेच मार्करनं लिहा, कारण नुसत्या भोकाकडे बघून ते कोणालाही सांगता येत नाही.