संकेतनिधानमीमांसा : मीरा-भाईंदर परिक्षेत्रासंबंधी प्राथमिक विवेचन

समभागांच्या मूल्यनिर्धारणावर विपुल ग्रंथसंपदा उपलब्ध असताना, त्या समभागांच्या खात्याचा पासवर्ड घरात नेमका कुठे ठेवला जातो या मूलभूत प्रश्नाकडे विद्वज्जनांनी केलेले दुर्लक्ष अक्षम्य आहे. ती उणीव दूर करणे हा प्रस्तुत लेखनाचा संकल्प. अभ्यासक्षेत्र म्हणून वसईची खाडी, उत्तनचा किनारा आणि दहिसरची हद्द यांनी वेढलेला, २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिकेच्या पदवीस पोहोचलेला भूभाग निवडला आहे. येथील सदनिकांचे क्षेत्रफळ या संशोधनास अत्यंत अनुकूल आहे : लपवण्याच्या जागा इतक्या थोड्या, की वर्गीकरण पूर्णत्वास जाण्याची शक्यता निर्माण होते.

इतिहास थोडक्यात असा. १९९६ च्या डिपॉझिटरी कायद्यापूर्वी शेअर म्हणजे कागद होता आणि तो लोखंडी कपाटाच्या तिजोरीत राहत असे. त्याच वर्षी एनएसडीएल व पुढे १९९९ मध्ये सीडीएसएल कार्यरत झाली, आणि कागदाचे रूपांतर सोळा स्थानांच्या खातेक्रमांकात झाले. वस्तू गेली, कपाट राहिले. गोपनाची जी वृत्ती पिढ्यान्‌पिढ्या तिजोरीपाशी स्थिरावली होती, ती निराश्रित होऊन पासवर्डाच्या आश्रयास आली. पासवर्डाची पूर्वपीठिकाही आश्वासक नाही. संगणकीय पासवर्ड एमआयटीमध्ये १९६१ च्या सुमारास अवतरला आणि १९६२ मध्ये तेथीलच अ‍ॅलन शेर या संशोधकाने, संगणकावर अधिक वेळ मिळावा म्हणून, सर्वांच्या पासवर्डांची यादी छापून घेतली. तेव्हा अपहरण हा या वस्तूचा आगंतुक नव्हे, सहज धर्म मानावा लागतो.

व्याख्या. जे एकट्या धन्यास ठाऊक असावे असे अभिप्रेत असून धन्याखेरीज इतरांस अधिक खात्रीने ठाऊक असते, ते गुप्त होय.

येथे ‘अधिक खात्रीने’ हे पद गाळल्यास अतिव्याप्तीचा दोष येतो. कारण मग तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीचे ठरत आलेले लग्नही डिमॅट पासवर्ड ठरेल. ‘धन्याखेरीज’ हे पद गाळल्यास असंभव दोष येतो. कारण स्वतःचा पासवर्ड खात्रीने जाणणारा खातेदार या परिक्षेत्रात अद्याप आढळलेला नाही.

निधानस्थानावरून गुप्ताचे प्रकार पुढीलप्रमाणे.

१. भित्तिनिहित. भिंतीवरील कालनिर्णयाच्या पानामागे, दुधाच्या हिशेबाखाली, पेन्सिलीने लिहिलेला. याचे आयुष्य एक महिना. पान उलटताच तो मागे जातो आणि डिसेंबरअखेर रद्दीवाल्याच्या स्वाधीन होतो. यावरून दोन संप्रदाय उद्भवले. शांतीनगर संप्रदायाच्या मते दर महिन्याला नवा पासवर्ड करून नव्या पानावर लिहावा. जेसल पार्क संप्रदाय जुनाच पासवर्ड नव्या पानावर उतरवून घेतो. दुसऱ्या पक्षास अनपेक्षित दिशेने बळ मिळाले आहे : अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानकसंस्थेने २०१७ मध्ये, कारण नसता पासवर्ड मुदतीने बदलायला लावू नयेत, असे मत दिले. शांतीनगर संप्रदाय हे प्रमाण मानत नाही.

२. कपाटनिहित. कागदाखाली. कपाटाची किल्ली फ्रिजवर. अधिक विवेचनाची आवश्यकता नाही.

३. आप्तनिहित. मोबाइलमध्ये ‘पाटील काका गॅसवाले’ अशा नावाने क्रमांक नोंदवून त्याच्या अंत्य अंकांत पिन गुंफलेला. गोपनकलेतील हा सर्वांत प्रगल्भ आविष्कार होय. तथापि यातील आप्त काल्पनिक असावा की वास्तविक, याचा निर्णय झालेला नाही. काल्पनिक आप्ताचे नाव तीन वर्षांनी आठवत नाही. वास्तविक आप्त क्रमांक बदलतो, आणि घरातील कर्तव्यदक्ष सून तो ‘दुरुस्त’ करून ठेवते.

४. श्रौत. हा प्रकार लिखित नसून उच्चारित आहे, आणि त्याचे पीठ म्हणजे सकाळची भाईंदर लोकल. खातेदार डब्यात, नोंदणीकृत मोबाइल घरी. ओटीपी घरी येतो आणि फोनवरून त्याचे पठण होते. या पठणाची शिस्त वैदिक पाठपद्धतीशी पडताळून पाहण्याजोगी आहे. प्रथम पत्नी सहा अंक सलग सांगते : ही संहिता. गाडीच्या खडखडाटात ते ऐकू न आल्याने ती एकेक अंक सुटा करून सांगते : हा पदपाठ. त्यावर पती ‘चार-सात, सात-दोन, दोन-दोन ना?’ अशी जोडीने खात्री करून घेतो : हा निःसंशय क्रमपाठ. अखेरीस तो सर्व अंक उच्च स्वरात पुन्हा म्हणतो आणि दाराशी लोंबकळणारा श्रोतृवृंद मौन अनुमोदन देतो. पत्नी दक्ष असल्यास संदेशातील ‘हा क्रमांक कोणालाही सांगू नका’ ही अंत्य ओळही वाचून दाखवते. या ओळीचे स्थान फलश्रुतीचे असून तिचा अर्थाशी संबंध जोडू नये.

स्थानकालगतच्या झेरॉक्सच्या दुकानास पाचवा प्रकार मानावे की स्वतंत्र संस्था, याविषयी प्रस्तुत लेखकाचा कल दुसऱ्या बाजूस आहे. तेथे आधारची फाइल व्हॉट्सअ‍ॅपने पाठवली जाते. फाइलीला कुलूप असते. नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे मोठ्या लिपीत आणि पुढे जन्मवर्ष, ही त्याची किल्ली. ग्राहक ती रांगेसमक्ष सांगतो. गुंतवणुकीच्या एकत्रित विवरणपत्राचे कुलूप बहुधा पॅन क्रमांकाने उघडते, आणि पॅनच्या झेरॉक्स त्याच काउंटरवर निघत असतात. म्हणजे कुलूप व किल्ली यांचा इतका निकट सहवास अन्यत्र क्वचितच. या सहवासास शासनाने एकदा हरकत घेतली होती. २७ मे २०२२ च्या सूचनेने आधारची प्रत वाटेल तिथे देऊ नये, फक्त शेवटचे चार अंक दाखवणारे आधार द्यावे, असे सांगितले. २९ मे रोजी ती मागे घेण्यात आली. प्रमाणग्रंथांत दोन दिवसांची ही स्मृती सर्वांत अल्पायुषी ठरावी. चार अंकी आधार आजही मिळते. दुकानात ते दिल्यास ‘पूर्ण आणा’ असे उत्तर येते.

प्रतिशास्त्राचाही उल्लेख कर्तव्य आहे, कारण त्याचा उत्कर्ष याच भूमीत झाला. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडवरील कॉल सेंटरांवर छापे घालून ७० जणांना अटक केली. अमेरिकी करखात्याचे अधिकारी म्हणवून तेथील नागरिकांना अटकेची भीती घालायची आणि पैसे उकळायचे, असा तो अभ्यासक्रम होता. आता तीच विद्या सीबीआयचा गणवेश घालून व्हिडिओ कॉलवर स्वगृही परतली आहे. उत्तरपक्ष असा : १ ऑक्टोबर २०२० पासून मीरा-भाईंदर, वसई-विरारचे स्वतंत्र पोलीस आयुक्तालय आहे, आणि पैसे गेल्याचे कळताक्षणी १९३० हा क्रमांक फिरवणे हा प्रायश्चित्ताचा पहिला विधी. विलंबाचे फळ रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात दिले आहे : संकेत स्वमुखाने सांगितला असल्यास, बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे. श्रौत पंथीयांनी त्या परिच्छेदाचे पठण मात्र मनातल्या मनात करावे.

आता मुख्य विषयाकडे, म्हणजे वहीकडे वळू.

वही ही एलआयसीने अथवा बँकेने दिलेली, जुन्या सालाची डायरी असते. तिच्यात पासवर्ड खोडले जातात, वर नवे लिहिले जातात, समासात बाण येतात. अशा संहितेच्या चिकित्सेसाठी भांडारकर संस्थेचीच पद्धती स्वीकारणे प्राप्त आहे. १९१९ ते १९६६ या काळात तेथील पंडितांनी १२५९ हस्तलिखिते ताडून महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. त्यांच्यापुढील अडचणी लहान नव्हत्या. पण चुकीचा पाठ तीनदा स्वीकारल्यास महाभारत बंद होत नसे.

पाठभेदांचे मूळ रोमन ओ आणि शून्य यांच्या सारूप्यात आहे. त्याखालोखाल एक आणि लहान एल, पाच आणि एस. पॅनच्या बाबतीत संपादकास अंतर्गत प्रमाण उपलब्ध असते : पाच अक्षरे, चार अंक, एक अक्षर हा क्रम अचल, चौथे अक्षर व्यक्तीसाठी ‘पी’, पाचवे आडनावाचे आद्याक्षर. त्यामुळे शून्याचे स्थान निश्चित होते. आधारचा बारावा अंक आधीच्या अकरांची साक्ष देतो, म्हणून लेखनिकाचा प्रमाद तेथेही लपत नाही. पासवर्डास असा कोणताही आधार नाही. ‘Ganpati’ हा शब्द देवनागरीत ‘गणपती’ असा लिहून पुढे ‘जी मोठा’ अशी टीप असेल, तर ती टीप मूळ कर्त्याची की पुतण्याची? ‘@’ ला ‘गोल ए’ म्हटले असेल, तर गोल कशाचे? नवघर संप्रदाय कठीण पाठ तो प्राचीन मानतो. खोडलेला पाठच खरा, कारण खोडण्याइतका तो कधीतरी चालला असला पाहिजे, हे गोल्डन नेस्ट संप्रदायाचे मत मला अधिक ग्राह्य वाटते.

बाह्य प्रमाण एकच : खाते मुळात ज्याने उघडून दिले तो भाचा. अ‍ॅप त्याने उतरवले, ईमेल त्याचा, सुरक्षाप्रश्नात ‘आवडता खेळाडू’ही त्याचाच. त्याने सांगितलेला पाठ नेहमी चालतो. म्हणून नवघर संप्रदाय त्यास प्रक्षिप्त म्हणतो.

नामनिर्देशनाच्या संदर्भात एक आक्षेप घेतला जातो. सेबीच्या १० जानेवारी २०२५ च्या परिपत्रकाने एका खात्यास दहापर्यंत नॉमिनी नेमता येतात. खातेदाराच्या पश्चात समभाग त्यांच्याकडे जाण्यास विहित अर्ज, मृत्यूचा दाखला आणि ओळखीचे कागद लागतात; पासवर्ड लागतच नाही. मग चिकित्सक आवृत्तीचा खटाटोप कशासाठी, असे आक्षेपक विचारतात. हा आक्षेप शास्त्रबाह्य असल्याने त्यास उत्तर देण्याचे प्रयोजन नाही. वहीच्या द्वितीय खंडाचे संपादन सुरू असून त्यात वीजबिल, गॅस आणि रेल्वे पासाच्या अ‍ॅपचे संकेत समाविष्ट आहेत. पान नऊ चहाने भिजले आहे.