डब्यावरचा हजार

पंख्याचा बोर्ड दुरुस्तीला आला की आधी मी तो खिडकीपाशी नेतो. हल्लीच्या बीएलडीसी पंख्यांच्या बोर्डांवर ०६०३ मापाचे रेझिस्टर सर्रास असतात. १.६ मिलिमीटर लांब, ०.८ मिलिमीटर रुंद. ०४०२ मापाचा असेल तर १ मिलिमीटर लांब नि अर्धा मिलिमीटर रुंद, राजगिऱ्याच्या दाण्याहून बारीक. मला चाळिशी लागून आता बारा वर्षं झाली. चष्मा आणि भिंग दोन्ही लावूनही डाख नीट बसला की नुसता टेकला, हे कळेनासं झालं, म्हणून मायक्रोस्कोप घ्यायचं ठरवलं. त्या खरेदीत झालेला मनस्ताप टाळता आला असता, याची मला अजून चुटपुट लागते.

पहिला मायक्रोस्कोप १,८०० रुपयांचा, सात इंची पडद्याचा. डब्यावर ठसठशीत अक्षरांत ‘१०००एक्स’. हा आकडा खरा असता तर १ मिलिमीटरचा रेझिस्टर १ मीटर लांब दिसायला हवा. सात इंची पडदा जेमतेम १५ सेंटिमीटर रुंद असतो. म्हणजे त्या पडद्यावर रेझिस्टरचा सहावा हिस्सासुद्धा मावला नसता, आणि तेवढ्या तुकड्याकडे पाहून कुणीही डाख देऊ शकत नाही. प्रत्यक्षात १५ मिलिमीटर रुंदीचा भाग पडद्यावर आला की वाढ होते १० पट, आणि कामाला लागते तेवढीच. तोच कॅमेरा ४३ इंची टीव्हीला जोडला तर वाढ ६० पटींच्या वर जाते, पण तपशील एका ठिपक्यानंही वाढत नाही. पडदा बदलला की बदलणारा हा आकडा मायक्रोस्कोपचा गुण म्हणून छापणं चूक आहे. याचा मला राग आहे आणि तो कमी झालेला नाही.

खरी अडचण मात्र वेगळीच निघाली. बारीक दिसावं म्हणून लेन्स खाली आणत गेलो, तर चित्र स्पष्ट झालं तेव्हा ती बोर्डापासून दोन सेंटिमीटरवर होती. त्या दोन सेंटिमीटरांत आयर्नची बिट, चिमटा आणि सोल्डरची तार, तिन्ही जायला हवीत. आयर्न आडवं धरलं तर बिटचं टोक पॅडवर टेकेना, उभं धरलं तर दांडा लेन्सला लागे. एकदा प्लास्टिकची कड वितळली. फ्लक्सचा धूर सरळ वर जाऊन लेन्सवर बसला आणि दर दोन डाखांनंतर मला ती पुसावी लागली. लेन्स आणि वस्तू यांच्यातल्या या मोकळ्या जागेला वर्किंग डिस्टन्स म्हणतात. सोल्डरिंगसाठी सगळ्यात महत्त्वाचा आकडा हाच, आणि तोच डब्यावर कुठंही नव्हता. विक्रेत्याला फोन करून विचारलं, तर त्यानं पुन्हा हजार पट सांगितलं.

शिवाय हात हलल्यावर पडद्यावरचा हात क्षणभरानं हलायचा. तेवढ्यात शेजारच्या दोन पिना जोडल्या जातात आणि मग विक लावून सोल्डर उपसत बसावं लागतं. एकाच लेन्सच्या चित्राला खोलीही नसते. बिट पॅडला टेकली आहे की अर्धा मिलिमीटर वर आहे, हे कळायला मार्ग नाही. तपासणीला, फोटो काढायला हा कॅमेरा चांगला आहे. डाख द्यायला नाही, आणि हे विकताना सांगायला हवं होतं.

अखेर दोन डोळ्यांचा स्टिरिओ मायक्रोस्कोप घेतला. त्यात दोन डोळ्यांना किंचित वेगळ्या कोनांतून वेगवेगळी चित्रं मिळतात, म्हणून उंची-खोली कळते. दहा पटीचे आयपीस आणि ०.७ ते ४.५ चं ऑब्जेक्टिव्ह मिळून वाढ ७ ते ४५ पट. खाली ०.५ ची बार्लो लेन्स लावली की वाढ निम्मी होते, दिसणाऱ्या भागाची रुंदी दुप्पट होते आणि १० सेंटिमीटरची मोकळी जागा १५ च्या पुढे जाते. धूरही त्या स्वस्त काचेवर बसतो, मुख्य लेन्स वाचते. बजेट कमी असेल, तर शाळा-कॉलेजांसाठी अंबाल्यात बनणारा ठरावीक २० पटीचा साधा स्टिरिओसुद्धा पडद्याच्या कॅमेऱ्यापेक्षा बरा. मात्र स्वस्त ट्रायनॉक्युलर, म्हणजे कॅमेऱ्यासाठी तिसरी नळी असलेला मायक्रोस्कोप, घेताना जपा. त्यात बऱ्याचदा कॅमेऱ्याकडे प्रकाश वळवला की एक डोळा अंधारतो आणि खोली नाहीशी होते.

बनवणाऱ्यांना माझी एवढीच विनंती आहे की पटीचा आकडा हवा तर ठेवा, पण त्याच्याशेजारी वर्किंग डिस्टन्स आणि दिसणाऱ्या भागाची रुंदी, दोन्ही मिलिमीटरमध्ये छापा. ते आकडे छापले जाईपर्यंत पारख आपणच करायची. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला जाल, तेव्हा खिशात एक जुना बोर्ड आणि एक पेन ठेवा. मायक्रोस्कोप चालू करायला सांगा, बोर्ड स्पष्ट दिसेपर्यंत लेन्स खाली घ्या, आणि पेन आयर्नसारखं तिरपं धरून टोक रेझिस्टरला टेकवून पाहा. टेकलं नाही, तर पैसे देऊ नका.