शॉ वॉलेसचा खोका

शॉ वॉलेस हे नाव घेतलं की चारचौघांच्या डोळ्यांसमोर रॉयल चॅलेंजची बाटली उभी राहते. माझ्या डोळ्यांसमोर व्हिडिओ गेम उभा राहतो. हे बोलून दाखवलं की लोक आधी माझ्याकडे बघतात आणि मग माझ्या हातातल्या ग्लासाकडे. ग्लासात कोकम सरबत असतं. पण गोष्ट शंभर टक्के खरी आहे. सेगा या जपानी कंपनीचा मेगा ड्राइव्ह हा व्हिडिओ गेम भारतात विकायचं काम 1995 साली शॉ वॉलेसनं घेतलं होतं. बाहेरून आणलेल्या यंत्रावर तेव्हा ऐंशी टक्के आयातशुल्क पडायचं. ते चुकवण्यासाठी नव्हे, टाळण्यासाठी (यातला फरक सीए मंडळी फी घेऊन समजावतात) सेगाला देशी भागीदार हवा होता. मिळाला तो व्हिस्कीवाला. एवढा सगळा खटाटोप करून यंत्राची किंमत ठरली 18,000 रुपये.

आमच्या सांगलीत तेव्हा 18,000 रुपयांत लोक स्कूटरची स्वप्नं बघत. बरं, यंत्र तरी नवं असावं! मेगा ड्राइव्ह जपानात आलं 1988 साली. 1994 च्या नोव्हेंबरात खुद्द सेगानंच त्याचा वारस सॅटर्न गादीवर बसवला, आणि डिसेंबरात सोनीनं प्लेस्टेशन काढून दोघांचीही झोप उडवली. म्हणजे तिकडे ज्याच्या निरोप समारंभाचे हारतुरे मागवून झाले होते, त्याचं आपल्याकडे वाजतगाजत स्वागत चाललं होतं. वरातीमागून घोडं आलं, तेही भरजरी झूल घालून.

हे घोडं आमच्या खानदानात घेतलं ते दादरच्या मामानं. मामा हौशी. मामेभाऊ दहावीला गेला तेव्हा मामीनं ते यंत्र खोक्यासकट सांगलीला पाठवून दिलं. आपल्या मुलाचं वर्ष वाया जाऊ नये म्हणून नणंदेच्या मुलाचं घालवायचं, हा नात्यातला जुना हिशेब. बाबा हायस्कुलात गणित शिकवायचे. हातात आलेली प्रत्येक वस्तू आधी वाचायची, ही त्यांची सवय. त्यांनी खोका उलटासुलटा करून वाचला आणि शॉ वॉलेसपाशी चष्मा वर केला. "ही दारूची कंपनी आहे." आई म्हणाली, "अहो, पण आत खेळणं आहे." बाबा म्हणाले, "आज खेळणं आहे." शेवटी तोडगा निघाला. यंत्र घरात राहील, खोका माळ्यावर जाईल, आणि ज्या बाजूला कंपनीचं नाव आहे ती बाजू भिंतीकडे राहील.

त्या खोक्यापायी मी आज बेंगळुरूमध्ये, दोन पोरांचा बाप असताना, रविवारी पहाटे उठतो.

संग्राहकांच्या जगाचा कायदा उफराटा आहे. तिथे यंत्राला फारसा भाव नाही. मेगा ड्राइव्ह जगभर कोट्यवधी खपलं, ते कुठेही मिळतं. भाव आहे तो ज्या गोष्टी शहाणा माणूस त्याच दिवशी टाकून देतो त्यांना. खोका, आतलं थर्माकोल, माहितीपुस्तिका, दुकानदाराचा शिक्का मारलेलं वॉरंटी कार्ड. आणि त्यातही ज्या देशात माल कमी खपला तिथलं कागदपत्र अधिक मोलाचं. 18,000 रुपये किंमत ठेवून शॉ वॉलेसनं नकळत ही दुर्मिळता घडवली. माझ्याकडे आज सेगाचे, निन्टेंडोचे, प्लेस्टेशनचे मिळून बरेच खोके जमलेत. 'पन्नास खोके' म्हणून बायको सोसायटीत माझी ओळख करून देते, पण ते सगळे रिकामे आहेत हे सांगायला विसरते. त्यामुळे काही शेजारी माझ्याशी जरा जास्तच अदबीनं वागतात.

शोधासाठी बेंगळुरूच का, याचंही उत्तर आहे. 2005 साली शॉ वॉलेस विजय मल्ल्यांच्या यूबी समूहानं विकत घेतली. पाठोपाठ रॉयल चॅलेंज आली, 2008 साली तिच्या नावावरून क्रिकेटचा संघ निघाला, आणि पुढची कैक वर्षं सगळं शहर 'ई साला कप नमदे' म्हणजे 'यंदाचा कप आपलाच' असं दर साल ओरडत राहिलं. तो कप 2025 साली आला. तेव्हा बायको म्हणाली, "बघ, त्यांचंसुद्धा झालं. आता तुझाच खोका राहिलाय." विठ्ठल मल्ल्या रोडवरून जाताना मी यूबी सिटीच्या मजल्यांकडे अजून आशेनं बघतो. कंपनीबरोबर कपाटं येतात, कपाटांत फायली असतात, आणि एखाद्या फायलीत 1995 सालची डीलरांना वाटलेली सेगाची पत्रकं असायला काय हरकत आहे? मल्ल्यांच्या मालमत्तेचे लिलाव निघाले तेव्हा मी बातम्या बारकाईनं वाचत होतो. गोव्याचा बंगला निघाला, विमान निघालं. व्हिडिओ गेमचा उल्लेख कुठे नव्हता. बँकांना खरी मालमत्ता ओळखता येत नाही.

रविवारचा बाजार चिकपेट-अव्हेन्यू रोडच्या बाजूला भरतो. उजाडायच्या आत पोचावं लागतं. ताडपत्रीवर मिक्सरची भांडी, एकाच पायाचे बूट, कुणाच्या तरी लग्नाचा अल्बम, रिमोटांचे ढीग. खिशातली बॅटरी काढून उकिडवं बसायचं आणि ढिगात हात घालायचा. विक्रेता दखनी बोलतो. "क्या होना साब?" काय होना हे सांगायचं नसतं, हा पहिला नियम. मी आधी चार्जर बघतो, मग इस्त्री बघतो, आणि मग सहज हाताला लागल्यासारखं करून काळं कार्ट्रिज उचलतो. कडेनं बघायचं. खरं असेल तर त्याचे स्क्रू साध्या पेचकसाला दाद देत नाहीत, त्यांना 3.8 मिलिमीटरचा वेगळा पाना लागतो. साधा चौफुलीचा स्क्रू दिसला की समजावं, माल बहुतेक नकली. मग दाताळ्याकडे बघायचं. तांबूस-सोनेरी पट्ट्या स्वच्छ आहेत की हिरव्या पडल्यात? त्या हिरव्या पडण्यात आपल्या बालपणाचा वाटा मोठा आहे. गेम लागला नाही की आपण कार्ट्रिजमध्ये जोरदार फुंकर मारायचो. गेम लागायचा तो काढून पुन्हा घातल्यामुळे. फुंकरीनं आत फक्त ओल जायची. निन्टेंडोनं असं करू नका म्हणून पुढे लेखी सांगितलं, पण ते वाचणार कोण? पुस्तिका तर रद्दीत गेलेली.

"कितना?" मी विचारतो. तो माझ्याकडे बघतो, माझ्या बुटांकडे बघतो आणि बुटांचा भाव सांगतो. मी निम्म्यावर येतो. "नक्को तो छोडो साब," असं म्हणून तो कार्ट्रिज इस्त्रीखाली ठेवतो. हे 'नक्को' ऐकून मला एकदम माहेरी आल्यासारखं वाटतं आणि त्या भरात मी दहा-वीस रुपये वाढवून देतो. पूर्वी या शहरात शहाजीराजांची जहागीर होती, हे दर वेळी मनात येतं. घासाघिशीत त्याचा काडीचा उपयोग होत नाही.

सेगाच्या नावानं निघावं आणि हाती निन्टेंडोची नक्कल लागावी, असं मात्र नेहमी होतं. कारण नव्वदच्या दशकात भारतीय घरांत खरोखर जे खेळलं गेलं ते हेच: निन्टेंडोच्या 1983 सालच्या फॅमिकॉमच्या नकला. मीडिया कंपनीचं लिटल मास्टर, टर्मिनेटर आणि निनावी कितीतरी. कार्ट्रिजवर '9999999 इन 1' असं छापलेलं असायचं. आत गेम निघायचे मोजून मूठभर. तेच नाव बदलून, तेच तिसऱ्या पातळीपासून, तेच पायात स्प्रिंगचे बूट घालून. शुद्धतावादी संग्राहक या मालाकडे बघून नाक मुरडतात. मला ते पटत नाही. शॉ वॉलेसचं मेगा ड्राइव्ह आपल्या मध्यमवर्गाला परवडलं नाही, ही एक नोंद. या नकलांनी आपल्या दोन पिढ्यांची उन्हाळ्याची सुट्टी पोसली, ही दुसरी. संग्रहालय काढायचं झालं तर दर्शनी काचेत मी '9999999 इन 1' ठेवीन आणि जपानी अस्सल माल जिन्याखाली.

या नकलांबरोबर बदकं मारायची बंदूक यायची. ती चालवून बघण्यासाठी मी केलेला खर्च बायकोपासून अजून लपवून आहे. हा लेख तिनं वाचला तर यापुढे लपवायची गरज उरणार नाही. बंदुकीचं तंत्र मोठं लबाड आहे. बंदूक काही सोडत नाही, उलट बघते. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. नळीतल्या डोळ्याला तो उजेड दिसला तर बदक पडतं. पण हे सगळं जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीवर. आजच्या सपाट टीव्हीत चित्र उमटायला किंचित उशीर होतो, तेवढ्यात बंदूक निराश होते. तेव्हा जुना टीव्ही आला. बेंगळुरूत राहून टीव्ही बीपीएलचाच घ्यायचा, हा माझा हट्ट होता. एसपी रोडच्या मागच्या गल्लीत तो मिळाला आणि तिथल्याच म्हाताऱ्या मेकॅनिकनं, एकही शब्द न बोलता, डाग देऊन त्याला बोलता केला. टू बीएचकेच्या हॉलमध्ये तो आला तेव्हा सोफ्याला बाल्कनीत जावं लागलं. धाकटीनं बंदूक उचलली, पहिल्या फटक्यात बदक पाडलं, म्हणाली, "बाबा, याचं पुढचं काय आहे?" पुढे दुसरं बदक येतं, असं सांगितल्यावर ती गृहपाठाला गेली. बेंगळुरूच्या ध्रुव इंटरॅक्टिव्हनं 1997 पासून इथे बसून जगासाठी गेम बनवले, 2019 साली ती कंपनी रॉकस्टारनं घेतली. अशा गावच्या पोरीला बदकाचं काय कौतुक?

माझी खरी जखम सांगलीत आहे. मामाचं यंत्र चांगलं आहे, दोन्ही कंट्रोलर चालू आहेत. आईला फोन करून विचारलं, "माळ्यावरचा तो सेगाचा खोका बघतेस का गं?" आई म्हणाली, "तो होय! त्यातलं थर्माकोल तुझ्या बाबांनी मखराला कापलं. खांब काय सुरेख झाले होते! लोक विचारायचे, कुठून आणलंत?" आणि खोका? त्यात वर्षभराच्या कुरडया राहायच्या, मग तळ सुटला, मग रद्दी. वॉरंटी कार्ड? वॉरंटी कार्डं आई बिस्किटाच्या डब्यात जपते. त्यात मिक्सरचं आहे, गिझरचं आहे, जे घड्याळ बाबा कृष्णेत पोहताना हरवून बसले त्याचंही आहे. सेगाचं नाही. "दारूच्या कंपनीचं कार्ड तुझे बाबा घरात ठेवतील का?"

पुढच्या पिढीच्या संग्राहकांना माझा फुकटचा सल्ला आहे. एक्सबॉक्स 360 भारतात 2006 साली आलं तेव्हा जाहिरातीला अक्षयकुमार आणि युवराज सिंग होते. ब्रायन लाराच्या नावाचा क्रिकेटचा गेम आपल्याकडे युवराजच्या नावानं विकला गेला. तसंच 2009 सालचा प्लेस्टेशन 2 वरचा 'हनुमान: बॉय वॉरियर'. गेम म्हणून दोन्हींबद्दल न बोललेलं बरं, पण बाहेरच्या देशांतल्या दुकानांत हे मिळत नव्हते. आज ते रद्दीच्या भावात दिसले तर उचला, वेष्टनासकट.

आणि वाचकहो, सांगली, मिरज, बेळगाव, दादर, डोंबिवली, कुठल्याही माळ्यावर काळ्या यंत्राचं चित्र असलेला, शॉ वॉलेसचं नाव छापलेला खोका दिसला, तर त्यात कुरडया भरू नका. कोपरे दबले असले तरी चालेल, तळ सुटला असला तरी चिकटपट्टीनं भागवू. थर्माकोल मात्र लागेल, आणि ते मखरातून परत मिळत नाही. यंत्र तुमच्याकडेच ठेवा.