रुग्णाने सहकार्य करावे

लहान मुलांच्या औषधाच्या बाटलीवर ‘वापरण्यापूर्वी चांगले हलवा’ असं छापलेलं असतं. बाटलीची काही हरकत नसते, ती निमूट हलवून घेते. मूल हलू नये म्हणून काय करायचं, यावर मात्र कंपनीने एक ओळही खर्ची घातलेली नाही.

आमच्या बाईसाहेब. वय पाऊण वर्ष, वजन आठ किलो, मुक्काम पोस्ट पडघा. सर्दी, ताप आणि खोकला. तापाच्या पॅरासिटॅमॉलचा हिशेब सरळ आहे. किलोला १५ मिलिग्रॅम, म्हणजे आठ किलोला १२०. पाच मिलीत १२० मिलिग्रॅम असलेलं सिरप आणलं की झालं, पाच मिली द्यायचं. चौथीतलं पोरगंही हे गणित सोडवील. पण त्याच नावाचं पाच मिलीत २५० वालं सिरप बाजारात असतं, एका मिलीत १०० वाले थेंबही असतात, आणि पाहुण्यारावळ्यांच्या कृपेने आमच्या फडताळात तिन्ही हजर आहेत. एक बाटली चुकली तर मात्रा दुप्पट, दुसरी चुकली तर चौपट. तिघींच्या खोक्यांवर तेच हसरं अस्वल. ज्या अक्षरांवर सगळं अवलंबून ती मुंगीएवढी, आणि वाचायची रात्री तीन वाजता, मोबाइलच्या उजेडात, कडेवर किंचाळणारे आठ किलो घेऊन.

बरं, मोजलं पाच मिली. पोटात किती गेलं? थोडं गालावर, थोडं हनुवटीवर, बरंचसं मानेच्या घडीत आणि उरलेलं माझ्या बाहीवर. पुन्हा द्यावं तर जास्त व्हायची भीती, न द्यावं तर ताप तसाच. पुढचा डोस चार ते सहा तासांनी, असं कागदावर लिहिलंय. ते तास औषध तोंडात गेल्यापासून मोजायचे की बाही धुतल्यापासून, हे लिहिलेलं नाही.

डॉक्टर म्हणाले, चमचा सोडा, सिरिंजने गालाच्या आतल्या बाजूला थोडं थोडं सोडत जा. उपाय उत्तम होता. एकदा चालला. त्यानंतर भरलेली सिरिंज दिसली की ओठांचं शटर खाली. रिकामी सिरिंज मात्र तिला दिवसभर चघळायला हवी असते, आणि काढून घेतली तर तो अन्याय शेजारच्या आळीपर्यंत ऐकू जातो.

थर्मामीटरचंही तेच. काखेत धरून हात अंगाशी दाबून ठेवा, वाजेपर्यंत हलवू नका. तो वाजतो, म्हणून तिला तो खेळणं वाटतो. एकाच बैठकीत आम्हाला ९७, १०१ आणि ‘एरर’ असे तीन ताप मिळाले. घरात मतभेद नकोत म्हणून आम्ही मधला धरला.

पण खरा कस लागतो तो श्वास मोजताना. जागतिक आरोग्य संघटनेचा नियम असा की दोन महिने ते एक वर्ष या वयात मिनिटाला ५० किंवा अधिक श्वास झाले तर तो जलद, न्यूमोनियाची शंका घ्यावी आणि तडक डॉक्टर गाठावा. नियम चांगला आहे, जीव वाचवणारा आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. फक्त मूल शांत हवं आणि मोजायचं पूर्ण एक मिनिट. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायची सोय नाही, कारण बाळाचा श्वास मध्येच घाई करतो, मध्येच थबकतो. म्हणजे झोपेपर्यंत थांबायचं, अंगरखा वर करायचा, पोटाकडे टक लावायची. एकोणतीस, तीस, एकतीस, आणि मुंबई-नाशिक महामार्गावरून गोदामाकडे वळणारा एखादा कंटेनर असा हॉर्न देतो की बाईसाहेब उठून बसतात. पुन्हा पहिल्यापासून.

मग आलं नेब्युलायझर, ज्याला घरोघर वाफेचं मशीन म्हणतात. रडणाऱ्या मुलाच्या छातीत औषध नीट पोहोचत नाही, म्हणून शांत असताना द्या. मशीन सुरू केलं की ते पिठाच्या गिरणीसारखं घरघरतं, म्हणून मूल रडतं. झोपेत द्यावं तर घरघरीने जागं होतं. या चक्रातून वाट काढली बायकोने. मास्क आधी स्वतःला लावला, मग बाहुलीला, मग मला. मुलीला आम्हा तिघांची उपचारपद्धती पसंत पडली आणि ती आपला नंबर लागायची वाट पाहू लागली. नेमके तेव्हा लाईट गेले.

पडघ्याबाहेरच्या वाचकांना यातली गंमत कळावी म्हणून सांगतो. विजेच्या नकाशावर आमचं गाव मोठं आहे. चंद्रपूरहून साडेसातशे किलोमीटर पळत येणारी १५०० मेगावॅट क्षमतेची उच्चदाब वाहिनी इथे येऊन टेकते. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईच्या लोकल जागच्या जागी थांबल्या, तेव्हा बातम्यांत कळवा-पडघा हे शब्द दिवसभर ऐकू येत होते. तेव्हा मुंबईला अंधार म्हणजे काय ते समजलं. आमच्या मशीनला मिक्सरपेक्षाही कमी वीज पुरते. आम्ही तिघं अंधारात मास्क धरून बसलो आणि एकटी बाहुली शांत होती.

सल्ल्यांची मात्र टंचाई नव्हती. आईचं निदान पहिल्या दिवसापासून कायम: “अरे, दात येतायत.” तापाला दात, खोकल्याला दात, नाक गळतंय तेही दातच. समोरच्या काकूंनी आल्याचा रस मधातून चाटवायला सांगितलं. वर्षाच्या आत मध देऊ नये, त्यातून बोट्युलिझम होऊ शकतो, असं मी म्हटलं. “आमची चार वाढली ती काय हवेवर?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, चारही जण समोर उभे होते आणि त्यातले दोघे माझ्यापेक्षा दणकट आहेत. एका पाहुण्यांनी लाल रंगाचं खोकल्याचं औषध सुचवलं. छिंदवाड्यात खोकल्याच्या औषधाने मुलांचे मृत्यू झाल्यावर ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याने बजावलं की दोन वर्षांखालच्या मुलांना खोकल्या-सर्दीची औषधं देऊ नयेत. हे सांगितल्यावर ते म्हणाले, “मग अर्धाच चमचा दे.”

शेवटी दृष्ट काढली. मीठ, मोहऱ्या, मिरच्या. ठसका सगळ्या घराला लागला, त्यावरून कुणाची दृष्ट लागलेली नाही असा निष्कर्ष निघतो की उलटा, यावर अजून एकमत नाही.

गांधारीच्या पुलावरून कल्याणला नेलं. रात्रभर जिने घर डोक्यावर घेतलं ती दवाखान्यात शिरताच डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपशी खेळू लागली. मी रात्रीचा वृत्तान्त सांगत होतो आणि ते माझ्याकडे, मग तिच्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे पाहत होते. छाती स्वच्छ, कान ठीक, व्हायरल आहे, तेच औषध चालू ठेवा. फाईलवर लिहिलं: ‘अ‍ॅक्टिव्ह, अलर्ट, प्लेफुल.’

घरी आल्यावर ते आईला वाचून दाखवलं.

“अलर्ट म्हणजे?”

म्हटलं, सावध, हुशार.

“मग? मी काय म्हणत होते? दात येतायत.”