भुलीआधीची गोळी

दाढदुखीला रात्रच लागते. माणूस आडवा झाला की डोक्याकडे रक्ताचा जोर वाढतो आणि टणक दाढेच्या आत सुजलेल्या नसेला हलायलाही जागा उरत नाही. मग सगळं घर जागं होतं. आजी लवंग शोधते, काका मिठाच्या गुळण्या सांगतात, आणि कुणीतरी हमखास बजावतं, ‘गोळी घेऊ नकोस हं, उद्या डॉक्टरांना दुखणं कळायचं नाही!’

लवंगेला नावं ठेवायचं कारण नाही. तिच्यातलं युजेनॉल खरंच थोडं बधिर करतं. दंतवैद्यही ते झिंक ऑक्साइडमध्ये कालवून वापरत आलेत. गोळीबद्दलचा सल्लाही अगदीच टाकाऊ नाही. नक्की कुठली दाढ बिघडली हे ठरवताना ठणक्याची साक्ष लागते. पण दाढ सापडली, एक्स-रे निघाला, रूट कॅनॉलची वेळ ठरली, तरी आपण कण्हत बसतो ते कुणासाठी?

यात तोटा आपलाच, कारण ठणकत्या दाढेला भूल नीट लागत नाही. सुजेमुळे तिथे आम्लता वाढते आणि लिग्नोकेन या भुलीच्या औषधाचा नसेत शिरू शकणारा अंश कमी पडतो. ज्याला गरज जास्त त्याच्याच वाट्याला कमी, हा रेशन दुकानाचा न्याय तोंडातही चालतो. त्यातून दाढ खालची असेल तर विचारूच नका. वरच्या जबड्याचं हाड विरळ, त्यातून औषध झिरपतं. खालचं घट्ट, म्हणून पार मागे, नस हाडात शिरते तिथे सुई द्यावी लागते. ओठ बधिर होतो, जीभ बधिर होते, दाढ मात्र टक्क जागी!

पण सुईच्या तासभर आधी आयब्युप्रोफेनची गोळी घेतली, तर अशा दाढेलाही भूल लागण्याची शक्यता वाढते, असं बऱ्याच चाचण्यांत दिसलंय. सूज आणि ठणका वाढवणारी प्रोस्टाग्लँडिनं ही गोळी कमी करते. हमी मात्र नाही, आणि सुई काही चुकत नाही.

हे औषध नॉटिंगहॅमच्या स्टुअर्ट अ‍ॅडम्स यांनी संधिवातासाठी शोधलं आणि एका भाषणाआधी, आदल्या रात्रीच्या दारूने धरलेल्या स्वतःच्या डोक्यावर वापरून पाहिलं. त्याआधी 1844 मध्ये अमेरिकेतले दंतवैद्य होरेस वेल्स नायट्रस ऑक्साइड हुंगून स्वतःच खुर्चीत बसले आणि आपली दाढ उपटून घेतली. एवढं सगळं त्यांनी स्वतःवर करून पाहिलं, आणि आपण एका गोळीला ‘सवय लागेल’ म्हणून नाही म्हणतो!

तेव्हा रूट कॅनॉलच्या आदल्या दिवशी आपल्या दंतवैद्याला फोन करा आणि गोळी घेऊ का, किती, केव्हा, ते विचारा. पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा त्रास, दमा, रक्त पातळ करणारं औषध, गरोदरपण, यांतलं काही असेल तर ते आधी सांगा. एवढं करूनही खुर्चीत कळ आलीच, तर तोंड उघडं असताना बोलता येत नाही. सरळ हात वर करा. डॉक्टर थांबतात आणि आणखी भूल देतात.